मानेवरचा बिब्बा

दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन आटपाडीकडच्या कोरड्या रानातून खाली आष्ट्याकडं उतरायचे. इकडचे बागाईतदार मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतात. त्यांना लेंड्यांचं खत मिळतं, आबा-आईच्या धान्याची सोय होते. मी त्यांची एकुलती. लग्न होऊन आष्ट्यात आले, शाळेत शिक्षिका झाले, तेव्हापासून मला माहेरी जावंच लागलं नाही. माहेरच वर्षातून एकदा चालत यायचं.

त्या वर्षी मी डबा घेऊन रानात गेले, तेव्हा आई ओढ्यावर पाण्याला गेली होती. आबा एकटेच चुलीपाशी बसले होते. मला बघून त्यांनी पटका सोडला आणि मान पुढं केली. कानाच्या खाली, मागच्या बाजूला, सुपारीएवढी गाठ होती.

"दुखती का?"

"न्हाई. तुझ्या आईला सांगू नगंस, उगं घोर लावून घील. बिब्बा लाव. तुझा हात हलका हाय."

लहानपणी मेंढराच्या पायाला सूज आली की बिब्बा मीच लावायची. सुईनं बिब्बा टोचायचा, निखाऱ्यावर धरायचा, काळं तेल सुटलं की सुजेवर ठिपका द्यायचा. आबा मेंढरू धरायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, पोरगीनं हात लावला की मेंढरू उड्या मारतंय.

मी आठवीला विज्ञान शिकवते. पेशींच्या आकृत्या काढते, त्याही रंगीत खडूनं. तीच मी त्या संध्याकाळी बापाच्या मानेवर बिब्बा लावत होते आणि खरं सांगते, मला आनंद होत होता. किती वर्षांनी त्यांनी माझ्याकडं काही मागितलं होतं. दवाखान्यात दाखवू या, असं ओठावर आलं होतं. पण म्हटलं, आता शिकल्याची मिजास कुठं दाखवायची? बिब्बा आजूबाजूला उतू नये म्हणून मी गाठीभोवती चुना लावला, फुंकर घातली आणि गप्प बसले. संक्रांतीला पुन्हा एकदा लावला.

शिमग्यापर्यंत गाठ लिंबाएवढी झाली, वर जखम चिघळली. मग काय लपणार? आईनं बघितलं आणि आम्ही त्यांना सांगलीला नेलं. तुकडा काढून तपासायला गेला. आठ दिवसांनी डॉक्टरांनी कॅन्सर म्हणून सांगितलं आणि मानेवरचे काळे डाग बघून विचारलं, "हे कुणी केलं?"

मी बोलणारच होते. आबा आधी बोलले. "मीच केलं, सायेब. चाचपून लावला."

"दिवाळीत आला असता, तर बरंच काही करता आलं असतं."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. आबांनी माझ्याकडं बघितलंही नाही. डॉक्टरांनी पुढं काय सांगितलं ते मला आठवत नाही.

सरकारी योजनेत थोडं बसलं, बरंचसं बसलं नाही. तपासण्या, बाहेरून आणायची इंजेक्शनं, गाडीभाडं. माझ्या पगारावर घराचं कर्ज होतं, नवऱ्यानं त्याच्या परीनं केलं, पण भागलं मेंढरांवरच. प्रत्येक केमोच्या आधी एक बाजार. तोंडाची चव गेलेली, अंगात त्राण नाही, तरी आबा गळ्याला मफलर गुंडाळून बाजारात स्वतः उभे राहायचे. गिऱ्हाईक मेंढरू बघायला लागलं की आपणहून सांगायचे, "ही मागल्या पायानं जरा लंगडती. बघून घ्या, मागनं बोल नगं." भाव पडायचा. मला राग यायचा आणि मग मफलरच्या वर दिसणाऱ्या डागाकडं लक्ष गेलं की तो राग कुठं ठेवावा कळायचं नाही. मेंढराबद्दल कधी खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी डॉक्टरांशी खोटं बोलला होता.

पावसाळ्याच्या अखेरीला शेवटची मेंढरं गेली. आबांना मी आष्ट्याला घरी आणलं. त्यांना छताखाली झोप लागायची नाही, म्हणून ओसरीत खाट टाकली. गाठ परत वर आली होती. आता करण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

एका दुपारी आई दळणाला गेल्यावर मी खाटेपाशी बसले. म्हटलं, "आबा, मला सोसत न्हाई. आईला खरं काय ते सांगते."

त्यांनी आधी हातानंच नको म्हटलं. घशातून आवाज निघणं अवघड झालं होतं. मग म्हणाले, "न्हाई सांगायचं. मेंढरं संपली. तुझ्या आईला आता ऱ्हायला दुसरी जागा न्हाई. तुझ्याच हातचं खायाचं हाय तिला. ती ज्या हातचं खानार, त्या हाताबद्दल तिच्या मनात काय ऱ्हाऊ नये."

मी रडले. ते रडले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी पाणी मागितलं आणि मी चमच्यानं पाजलं.

दिवाळीच्या आधीच ते गेले.

आई आता माझ्याकडंच असते. भेटायला कुणी आलं की तिचं तेच सुरू होतं. "कुनाला सांगितलं न्हाई बघा. आपल्याच मनानं बिब्बा लावत बसलं. लय हेकट माणूस! येवढी शिकल्याली लेक गावात हुती, तिला तरी दावायचं हुतं. तिनं एका दिसात दवाखान्यात न्हेलं असतं." आलेली माणसं हळहळतात. कुणीतरी म्हणतं, व्हय, जुन्या माणसांची अक्कल तेवढीच.

हे ऐकताना मला दर वेळी वाटतं, आज सांगून टाकावं. निदान आबांना दोष तरी लागायचा नाही. आई माझ्याकडं वळून विचारते, "न्हेलं असतंस का न्हाई गं?"

मी व्हय म्हणते आणि चहा टाकायला आत जाते.