पदराआडचा चहा

कान इकडे कर गो. दिवाळीपासून तोंड दाखवलं नायस, असं करतात का?

आमच्या शेजारणीचं ऐक. कुणाकडेही गेली की "तू घेतलास का?" विचारते. चहा करणारीने घेतल्याशिवाय ही कपाला हात लावत नाय.

परवा आमी मुरबाडच्या बायका सिनेमाचा स्टुडिओ बघायला गेलो. तिथे राजवाड्याच्या सेटवर दुपारचा शाही चहा होता. दासीच्या वेषातल्या पोरीने कप भरले. शेजारणीने विचारलंच, "तू घेतलास का गो?"

"आमाला इथे प्यायला बंदी आहे, मावशी. साहेबांनी बघितलं तर कामावरून काढतील."

शेजारणीने आपला कप तिच्या हातात दिला, राणीच्या खुर्चीतून उठली आणि पदर सारखा करायच्या निमित्ताने दोन्ही हातांनी पसरून उभी राहिली. "पी. मी सावकाश आवरते."

साहेब आमच्याकडेच येत होते. पोरगी पदराआड घटाघटा प्यायली.

"काय झालं, मावशी?" साहेबांनी विचारलं.

"राणीच्या खुर्चीत पदर अडकला, भाऊ."

साहेब हसून गेले. मग हिने दुसरा कप घेतला. "साखर कमी आहे," एवढंच म्हणाली.

तिला धीट म्हणावं की आगाऊ, मला अजून ठरवता येत नाय. लवकर ये, तूच बघून सांग.