मशीनखालची लाल पट्टी

आमचे हे सीटकव्हरवाले. मोटारींच्या सीटा शिवता शिवता विमानतळावरच्या छोट्या विमानांपर्यंत पोचले, आणि तेव्हापासून स्वारी कायम हवेत! कुणी नुसतं "काय चाललंय?" विचारलं की झालं सुरू, कुठं कसला फोम बसवला नि कुठं दुहेरी टाका घातला. मी म्हणायची, "अहो, विमान इंजिनावर उडतं, तुमच्या दोऱ्यावर नाही."

त्यातलं एक विमान माझा भाचा चालवायचा, ताईचा एकुलता एक. पॅराशूट बांधून उड्या मारणाऱ्या हौशी लोकांना वर न्यायचं आणि रिकामं विमान खाली आणायचं, हे त्याचं काम. त्या रविवारी नऊ जणांना घेऊन गेला. विमान कोसळायला लागलं तेव्हा चौघे कसेबसे बाहेर पडले. बाकीचे पाच आणि आमचा पोरगा गेले.

चौकशी बसली. लोकांनी मात्र निकाल आधीच लावून टाकला, पायलट घाबरला, चूक त्याचीच. ताईनं घराबाहेर पडणं सोडलं. भाजीसुद्धा मी नेऊन द्यायची. "माझ्या लेकानं पाच जणांना मारलं का गं?" रोज तेच विचारायची. काय सांगणार, कपाळ माझं!

सीटबेल्ट कुणी शिवले हे विचारायला चौकशीत यांनाही बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेले, आणि दुपारी परत आले ते धावतच. चपलांसकट घरात!

"अगं ऊठ! शिलाई मशीन सरकव!"

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"सरकव आधी! वाचलेल्यांतला एक जण आज सांगत होता. फोटोसाठी नऊच्या नऊ जण मागच्या दाराशी जमले. शेपूट जड झालं, नाक वर गेलं, वेग पडला. आपला पोरगा ओरडत होता, 'पट्टीच्या पुढे या, पट्टीच्या पुढे या!' आणि हे लोक बघतायत, कुठली पट्टी? साहेब म्हणतात, भीतीनं बरळला असेल. अगं, बरळला कसला! पट्टी होती!"

दोघांनी जोर लावून मशीन ढकललं. खाली त्या विमानातलंच जुनं कार्पेट, फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून टाकलेलं. आणि त्यावर ही ठसठशीत लाल पट्टी! तिच्या मागं एका वेळी चारच माणसं उभी राहणार, असा नियम होता, हे आम्हाला नंतर कळलं. मी रोज तिच्यावरून झाडू फिरवत होते.

"ताईला सांगून येते!" म्हणत मी निघालेच. नाचायचंच काय ते बाकी होतं. दारात पोचले आणि पाय थबकला. जुनं कार्पेट इथं, मग विमानात कुठलं होतं? नवं. आदल्याच दिवशी, शनिवारी संध्याकाळी घातलेलं. यांनीच.

मागं वळले. हे पट्टीपाशी उकिडवे बसले होते.

"मला शोभेची वाटली गं. म्हटलं, एकसारखं छान दिसेल. कुणाला विचारलं नाही. तिथला मॅनेजरही दारातूनच 'मस्त' म्हणून गेला. आणि आपला पोरगा पुढच्या दारानं चढतो, त्याला काय कळणार मागं पट्टीच नाही?"

मी म्हणाले, "जाळून टाकू या. कुणाला पत्ता लागणार नाही." हो, मीच म्हणाले! खोटं कशाला बोलू?

"आणि ताई?" एवढंच बोलून त्यांनी कार्पेट गुंडाळलं आणि खांद्यावर टाकलं.

चौकशीच्या साहेबांनी दोनदा बजावलं, "हे लिहून देताय, तुमच्यावर शेकेल." यांनी सही केली. विमानतळाचं काम त्याच दिवशी गेलं, पुढं काय होईल ते अजून कळलेलं नाही.

तिथून आम्ही थेट ताईकडे गेलो. यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं.

"म्हणजे त्यानं सांगितलं होतं," ताई म्हणाली. "शेवटपर्यंत सांगत होता माझा लेक." किती रडली, किती हसली! मग तोंड पुसून यांच्याकडे वळली. "खरं सांगितलंत, उपकार झाले. आता पुन्हा माझ्या दारात येऊ नका."

हे "बरं" म्हणाले.

ताई आता भाजी स्वतः आणते. मी तिला भेटायला जाते तेव्हा हे कोपऱ्यापर्यंत सोबत येतात आणि तिथंच थांबतात.