लिहिले तेवढेच करा

श्रीमती शैलजा मेश्राम यांची आणि माझी पहिली भेट काही गोड झाली नाही. दिल्लीत करोल बागेजवळच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होतो, बाई भाषा. एका सकाळी त्या प्रयोगशाळेत आल्या आणि म्हणाल्या, "सर, आजपासून तुमच्या तासाला मीही बसणार." मी मनात म्हटले, झाली का पंचाईत!

बाईंची रीत अशी. प्रयोगाची कृती एका मुलाने लिहायची. दुसऱ्याने ती वही घेऊन लिहिले असेल तेवढेच करायचे. पहिल्याच दिवशी एका मुलीने रिकाम्या बीकरमध्ये मीठ टाकले आणि ती ढवळत उभी राहिली. "सर, पानी तो लिखा ही नहीं!" वर्ग हसून लोटपोट. ज्याची वही होती त्याने ती ओढून घेतली आणि राहिलेले वाक्य लिहून टाकले.

"बाई, माझा पोर्शन कोण संपवणार?" मी कुरकुरलो.

"तुमचाच संपवतेय, सर."

इतिहासात आणि गणितातही त्यांनी हेच सुरू केले. बाई मूळच्या नागपूरकडच्या. आवाज कधी चढला नाही, पण माघारही कधी घेतली नाही. कोणाची चूक वाचून दाखवताना त्या मुलाचे नाव घेत नसत. माझ्या मुलीला दहावीत उत्तरे लिहायला जमेनात, तेव्हा मयूर विहारहून मेट्रोने त्या आमच्याकडे येत राहिल्या. चहाखेरीज काही घेतले नाही.

पालकांना मात्र हे पटेना. "साइंस में ग्रामर का क्या काम?" असे सभेत विचारले गेले. बाई निवृत्त झाल्या की हा प्रकारही बंद करायचा, असे संचालकांनी ठरवले. निरोप समारंभात बाई एवढेच बोलल्या, "मी जाणारच होते हो. हे जायला नको होतं." कधीही तक्रार न करणाऱ्या बाईंची ही एकच तक्रार. मला फार वाईट वाटले. पण हुकूम तो हुकूम.

पुढच्या सोमवारी मी फळ्याकडे वळून कृती स्वतःच सांगू लागलो. मागे कुजबुज चालली होती. वळून पाहिले तर मुलांनी आपसांत वह्या बदलल्या होत्या. "चलो सर," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पढ़ूँ?" मी खडू खाली ठेवला.

संचालकांनी पुढे जाब विचारला. मी म्हणालो, "काय करू साहेब, मुलं ऐकत नाहीत."

आज बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही सारे सहकारी त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य चिंतितो. त्यांचे डोळे, गुडघे आणि हट्ट असेच शाबूत राहोत. मीही आता निवृत्त आहे. शाळेत चौकशी केली. मुले अजूनही ऐकत नाहीत.