बशांसाठी केलेला देव्हारा

अमिश, म्हणजे विजेविना जुन्या रीतीने राहणाऱ्या इथल्या ख्रिस्ती पंथातल्या, सुताराच्या हातचं काहीतरी आपल्या घरात असावं, ही माझी जुनी हौस. इथे परदेशात, नोव्हाय गावातल्या आमच्या ओळखीच्या घरांत बहुतेक फर्निचर खोक्यातून आलेलं, स्क्रू आवळून उभं केलेलं. माझ्याकडेही तेच. एका मैत्रिणीकडे मात्र अमिश टेबल आहे. त्याच्या काठावरून हात फिरवला तर कुठे अडत नाही. ओकच्या लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जातात. ते टेबल पाहिलं तेव्हाच ठरवलं, आई आली की तिच्या देवांना असा देव्हारा करायचा. गावी आमचे देव स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या फळीवर, मिठाच्या बरणीला चिकटून. घरातली पहिली पदवी माझी. आता देवांनीही फळी सोडावी, असं मला वाटायचं.

सुताराची शेड दक्षिणेला, इंडियाना राज्याच्या हद्दीजवळ. विजेची तार नाही. मागे डिझेलचं इंजिन धडधडतं आणि त्याने दाबलेल्या हवेवर यंत्रं चालतात. कामाच्या जागी छपरातून उजेड येतो. शेडभर ताज्या भुशाचा वास. पांढऱ्या दाढीच्या त्या माणसाने मला एक ड्रॉवर बाहेर ओढून दाखवला. खिळा एकही नाही. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे कोपरे बसवलेले. ड्रॉवर परत ढकलला तर शेवटच्या इंचाला हवा बाहेर निघाल्याचा हलका उसासा आला. मला तो उसासाच हवा होता, खरं सांगायचं तर.

मी चित्र काढून नेलं होतं. वर कमान, आत दोन पायऱ्या, खाली वाती-उदबत्तीसाठी ड्रॉवर.

त्याने विचारलं, "यात काय ठेवणार?"

एरवी मी तोंडावर बोलणारी. मीटिंगमध्ये मॅनेजरलाही सोडत नाही. पण समोर भिंतीवरच्या कॅलेंडरवर बायबलमधलं वचन होतं, आणि हा नाही म्हणेल अशी मला धास्ती वाटली.

"बशा," मी म्हणाले. "शोभेच्या."

त्याने मान हलवून चित्राच्या कडेला काहीतरी लिहून ठेवलं.

ऑक्टोबरात आई आली आणि देव्हारा आणायला माझ्यासोबत निघाली. "माझे देव कुठे बसणार ते मला बघू दे की!" म्हणाली. देव पर्समधल्या बटव्यात. विमानातसुद्धा तिने तो बटवा सोडला नव्हता.

देव्हारा बघून ती पुढे झाली. नुसता कमानीवरून हात फिरवत राहिली. मी सुताराच्या कागदावर सही करायला वळले, तेवढ्यात तिने बटवा उघडून बाळकृष्ण वरच्या पायरीवर ठेवला. तो आडवा झाला. पुन्हा ठेवला, पुन्हा आडवा.

"अगं, ही खाच कशाला पाडलीय त्याने?"

दोन्ही पायऱ्यांवर डावीकडून उजवीकडे एक सुबक खाच होती. उभ्या ठेवलेल्या बशा घसरू नयेत म्हणून. माझी थाप त्याने लाकडात कोरून दिली होती.

तो जवळ आला आणि आडव्या पडलेल्या बाळकृष्णाकडे बघत राहिला.

"हे काय आहे?"

"आमचे देव."

"तुम्ही बशा म्हणाला होतात."

"हो."

"देवांसाठी म्हणाला असतात, तर मी नाही म्हटलं असतं." आवाज चढला नव्हता. "तुमच्यावर राग म्हणून नाही. आमच्यात मूर्तींची पूजा चालत नाही. दुसरा सुतार सुचवला असता."

माझे कान तापले. तरी मी वाद घातलाच. शेवटी हे फर्निचरच आहे ना, असलं काहीतरी बोलले.

"काय म्हणतो गं?" आईने विचारलं.

"काही नाही. खाच बुजवता येईल म्हणतो."

"एवढं सगळं बोलला, ते एवढंच?" ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "माझ्याशी तरी नीट बोल."

मग सांगावं लागलं. बशांचं, कॅलेंडरचं, सगळं. आईने बाळकृष्ण उचलला, पदराने पुसला आणि बटव्यात ठेवला.

"नको न्यायला हा."

"आई, पैसे दिलेत. आपलाच आहे तो."

"त्याच्या मनाविरुद्ध करून घेतलास तू. माझे देव नाही बसणार त्यात. आणि पैसे परत मागू नकोस. त्याची मेहनत झालीय." मग तिने त्या माणसाला हात जोडले. "सांग त्याला. जसंच्या तसं सांग."

मी इंग्रजीत सांगितलं. तो आईकडे बघून किंचित झुकला. माझ्याकडे दोघांपैकी कुणीच बघितलं नाही. ते बरंच झालं.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची शेतं होती. गाडीची मागची सीट देव्हाऱ्यासाठी पाडलेली, रिकामी. आई मांडीवरचा बटवा धरून बाहेर बघत होती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"आणखी कुठे कुठे असं सांगतेस गं?"

मी रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ऑफिसात."

"तिथे काय सांगतेस?"

"गणपतीच्या दिवशी सुट्टी घेते. दाताच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणून."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"दात बरे आहेत ना पण तुझे?"

मला हसू आलं. मी आईकडे बघितलं. ती हसत नव्हती.