बारा हात पूर्वेला

संजीवनीला कामावर घेताना मी तिला एकच प्रश्न विचारला होता, कॉम्प्युटरवर नकाशा काढता येतो का म्हणून. तिने उलट मला चार विचारले. हे टेबल केवढं आहे, ती खिडकी केवढी, दाराची फळी कमी का पडलीये, आणि पगार किती. पगाराचा सगळ्यात शेवटी. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

शहापुरात माझं मोजणीचं छोटं ऑफिस आहे. संजीवनी किन्हवलीची, आयटीआय करून आलेली, पर्समध्ये कंगव्याच्या आधी टेप ठेवणारी. तिला बघायला एकदा मुलाकडचे आले होते. मुलगा म्हणाला, आमची दोन एकर आहे. हिने विचारलं, "कधीच्या मोजणीची?" मुलाने बापाकडे पाहिलं, बापाने चहाकडे. पुन्हा त्यांचा फोन आला नाही. घरचे चिडले, ही मात्र मला आठवडाभर विचारत होती, "पण सर, खरंच किती असेल?"

गेल्या नोव्हेंबरात आमच्याकडे डोळखांबकडच्या एका पाड्याचं काम आलं. पाड्यातली घरं पहिल्यांदाच सरकारी नकाशावर येणार होती. एका कंपनीने ड्रोन उडवून फोटो काढले होते, घरांच्या रेषाही आखल्या होत्या. आम्ही फक्त ते सगळं तालुक्याच्या नकाशावर बसवायचं आणि सोमवारी कच्चा नकाशा ग्रामपंचायतीत लावायला द्यायचा. मला वाटलं, दोन दिवसांचं काम.

पहिली फाइल उघडली तर पाडा हिंदी महासागरात. मी कपाळाला हात लावला, ही खुदकन हसली. पूर्वेचे आकडे उत्तरेच्या रकान्यात पडले होते. तिने रकाने बदलले आणि पाडा पाण्यातून निघून शहापूर तालुक्यात आला.

दुसऱ्या फाइलीत फोटो आणि घरं. फोटोत फाट्यावर एसटी उभी होती. बाकी कुणीही घरं बघितली असती, हिने एसटी मोजली. "सर, ही एसटी छत्तीस मीटर लांब आहे."

"लांब पल्ल्याची असेल," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एसटी असते अकरा मीटरची. म्हणजे आकडे होते फुटांत आणि आमचा कॉम्प्युटर ते मीटर समजून वाचत होता. तिने अख्खा पाडा लहान केला. एसटी अकराची झाली, शाळा शाळेएवढी झाली. शुक्रवारी दुपारी मी म्हणालो, झालं, पाठवून दे.

"सर, विहीर लांबट का दिसते?"

पाड्याच्या पश्चिम कडेला विहीर होती, सिमेंटच्या गोल कठड्याची. नकाशावर ती अंड्यासारखी झाली होती. तिच्या शेजारी एकच घर, जनाबाई नावाच्या बाईचं. ते घर वनखात्याच्या हद्दीच्या पलीकडे पडत होतं. फार नाही, पण अख्खं. हद्दीपलीकडच्या घराला मालकीचा कागद मिळत नाही. नकाशा असाच लागला असता तर जनाबाई स्वतःच्याच घरात अतिक्रमण करून राहतेय, असं कागदावर आलं असतं.

मी म्हणालो, असेल खरंच जंगलात. कंपनीच्या अहवालावर 'योग्य' लिहिलंय. आता लिहिताना लाज वाटते, पण मी तसंच म्हणालो. सोमवार डोक्यावर होता.

"घर जंगलात असेल, सर. पण विहीर कशी ताणली?"

शनिवारी सकाळी मी मोटरसायकल काढली, ही मागे बसली, आणि तासाभराच्या वाटेत आपण विहिरीपायी पेट्रोल जाळतोय हे मी तिला तीनदा ऐकवलं.

ड्रोनच्या फोटोला जमिनीशी बांधायला खूण लागते. कंपनीच्या माणसांनी पाड्यात पाच ठिकाणी चुन्याच्या मोठ्या फुल्या काढल्या होत्या आणि प्रत्येक फुलीची जागा यंत्राने मोजून घेतली होती. वरून फोटोत फुली दिसली की ती त्या आकड्यावर बसवायची. चार फुल्या बोटभर फरकाने बसत होत्या. पाचवी विहिरीजवळ, जनाबाईच्या दारात होती; तीच बघायची होती.

दारात गेलो तर फुली काय थाटात! भोवती दगड मांडलेले, वर ताजा चुना, कोंबडी येऊ नये म्हणून काट्याची फांदी. पासष्टीची जनाबाई सुपात नाचणी पाखडत होती. आम्हाला बघून लगबगीने उठली. "बघा, जशीच्या तशी राखलीय. दर सोमवारी चुना मारतंय."

"आजी, ही पयल्यापासून इथंच हाय का?" संजीवनीने विचारलं.

"नाय गो. त्यांनी काढली व्हती खळ्यात, मधोमध. भात झोडायचा टाइम. खळं सारवायला लागतं, सरकारच्या फुलीवर शेण कसं घालायचं? पायबी पडले असते. म्हणून हिकडं आणली. त्यांच्यासारखीच काढली, बघ, चारी टोकं सारखी."

फुल्या काढल्यावर वाऱ्यामुळे ड्रोन दोन दिवस उशिरा उडाला होता. त्या दोन दिवसांत जनाबाईने सरकारचा मान राखला होता, आणि त्या मानापायी तिचं घर जंगलात गेलं होतं. आकडा जुन्या फुलीचा, फोटो नव्या फुलीचा. सॉफ्टवेअरने नवी फुली जुन्या जागेवर ओढली, आणि सोबत विहीर, घर, सगळं पश्चिमेला.

"किती सरकवली, आजी?"

"बारा हात. सूर्य उगवतो तिकडं. मोजून."

संजीवनीचा चेहरा असा उजळला की कुणी सोनं दाखवलं असतं तरी तसा उजळला नसता. तिने टेप काढला आणि म्हातारीचा हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजला. चव्वेचाळीस सेंटिमीटर. बारा हात म्हणजे पाच मीटर अठ्ठावीस. मग खळ्यात तेवढं अंतर मागे मोजून तिने विळ्याने सारवण खरवडलं. खाली चुना निघाला, आणि चुन्याच्या मधोमध कंपनीने ठोकलेला खिळा. टेपच्या खुणेपासून खिळा दोन बोटं लांब. मी आजवर बरेच मोजणीदार बघितलेत, कोपराने इतकं नेमकं मोजणारा एकही नाही.

जनाबाईला आम्ही सगळं समजावलं तेव्हा तिने आधी घराकडे पाहिलं, मग फुलीकडे. "म्हंजे मीच माझं घर घालवलं?"

"परत येतंय, आजी. फक्त फुली कशी सरकली ते कागदावर लिवायला लागल."

"माझं नाव टाकणार? सरकारची फुली हलवली म्हणून आत टाकतील का मला?"

मी मध्ये पडलो. म्हणालो, शेळ्यांनी विस्कटली असं लिहू, कशाला म्हातारीला गोवायचं.

"शेळ्या बारा हात सरळ जातात, सर? आणि वर चुना मारतात?" संजीवनी म्हणाली. मग जनाबाईकडे वळून हळू आवाजात, "आजी, शेळी लिवली तर बारा हात कोण मानंल? तुमी सांगितलं तरच ते बारा. काय व्हईल ते मी नाय सांगू शकत."

जनाबाईने खिळ्यावरची माती बोटाने पुसली. "लिव," ती म्हणाली. "केलंय मीच. आन हात बी माझाच लिव, दुसऱ्याचा लांब असंल."

कागद तसाच गेला. रविवारी दिवसभर बसून संजीवनीने पाचवी फुली खिळ्याच्या जागेवरून पुन्हा बांधली. विहीर गोल झाली. घर हद्दीच्या अलीकडे आलं, मागच्या भिंतीपासून हद्द जेमतेम अर्धा मीटर. सोमवारी सकाळी तालुक्याच्या मोजणी कचेरीतल्या साहेबांनी कागद वाचला, हात म्हणजे किती ते विचारलं, आणि सही केली. जनाबाईला कुणी आत टाकलं नाही. त्याच दुपारी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला तेव्हा तिने आपल्या घरावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

डिसेंबरात आम्ही त्या बाजूला दुसऱ्या कामाला गेलो, तेव्हा तिच्याकडे डोकावलो. जुन्या जागी खिळ्याभोवती टोपलीएवढी कोरी माती होती, दगडांनी राखलेली. सारवलेलं खळं आणि पेंढ्यांची उडवी भलतीकडेच.

"आजी, आता त्या खिळ्याचं काम संपलं," मी म्हणालो. "सारवा की त्याच्यावरून."

"नगं बाबा. मागल्या टायमाला फुली सरकवली. ह्या टायमाला खळंच सरकवलं."

"किती हात?" संजीवनीने विचारलं. टेप तिच्या हातात आधीच आला होता.