भागवतची नजर

वडवणीच्या बसस्टँडसमोर भागवतचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार मोबाइलवरून चालू-बंद करायचं यंत्र त्यानं स्वतः बनवलं, त्याचं ॲपही स्वतःच लिहिलं. पंचक्रोशीत त्याचंच नाव चालायचं. मग पुण्यातली नोकरी सोडून वनमाला माहेरी आली. तिनं दुकान थाटून तसलंच यंत्र आणि ॲप काढलं, वर त्याचा सगळा कोड इंटरनेटवर उघडा ठेवला. कुणीही वाचावा.

"उघडं हाय म्हणून पक्कं हाय," तिचं गिऱ्हाईक झालेले राधाकिशनआबा भागवतलाच ऐकवायचे. "खोट असली तर चार लोकांला दिसंल की."

भागवतच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या दारात गिऱ्हाईक दिसलं की घास गोड लागायचा नाही. "चार लोक कुठले?" तो बायकोला म्हणायचा. "एकानं तरी वाचलंय का?"

सुनिता वैतागून म्हणाली, "मग तुमीच वाचा!"

तो खरंच वाचायला बसला. गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून तिच्या कोडातली खोट हुडकत राहिला. आणि सापडली. मोटार कुणाची, हे ॲप तपासतच नव्हतं. यंत्रावरचा नंबर ठाऊक असला की कुणीही कुणाचीही मोटार चालू करावी!

बाजाराच्या दिवशी वनमालाच्या दुकानापुढं माणसं जमली होती. भागवतनं स्वतःच्या फोनवरून आबांच्या विहिरीवरची मोटार चालू केली. आबांचा फोन वाजला, 'मोटार चालू झाली'.

"आँ? म्या तर हात लावला न्हाई!"

"मी लावला," भागवत मोठ्यानं म्हणाला. "हेच का तुमचं पक्कं?"

वनमालाचा चेहरा उतरला. आता ही भांडणार, म्हणून तो सरसावून उभा. तिनं मात्र विचारलं, "भाऊ, कुठल्या ओळीत हाय?"

त्याला सांगावंच लागलं. बाजार उठायच्या आत तिनं दुरुस्ती केली आणि कोडाखाली लिहिलं, चूक भागवतभाऊंनी दाखवली.

"इतके दिवस उघडं होतं, पण वाचलं कुणीच न्हाई," ती म्हणाली. "तुमचं कोण वाचतंय, भाऊ?"

टोमणा नव्हता, तरी ते त्याला झोंबलं. घरी येऊन त्यानं स्वतःचा कोड काढला. तीच चूक तिथंही होती, तिच्याहून जुनी. त्यानं ती गुपचूप बुजवली, गिऱ्हाइकांना नवं ॲप घालून दिलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. कोड उघडा करायची मात्र छाती झाली नाही. वनमालानं वाचला तर?

तिचा कोड मात्र तो अजून वाचतो, नव्या ओळी आल्या की लगेच. आबा गिऱ्हाइकांना सांगतात, "वनमालाचं ॲप बिनघोर घ्या. भागवतची नजर हाय त्याच्यावर." ते ऐकून त्याचा आणखीच जळफळाट होतो.