फोरिवा आजींची निधनवार्ता

फोरिवा आजी वारल्याचं मला कळलं, तेव्हा त्या माझ्याच दुकानात, माझ्यासमोर बसून भाजलेलं केळं आणि शेंगदाणे खात होत्या. फोनवर कुणीतरी निधनाचा फलक पाठवला होता. काळ्या-लाल काठाचा, मधोमध आजींचा फोटो, खाली भाच्या-पुतण्यांची नावं. मी एकदा फोनकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. आजींनी शेंगदाण्याचं टरफल झटकलं आणि म्हणाल्या, "आला का? मला वाटलं, सकाळीच येईल."

आमच्या कोफोरिदुआ गावात फलक छापल्याशिवाय माणूस मेला असं कुणी धरत नाही. भिंतीवर, विजेच्या खांबावर, टॅक्सीच्या काचेवर, जिथे बघाल तिथे कुणी ना कुणी वारलेलं असतं. माझं छपाईचं दुकान या फलकांवरच चालतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी नवख्यांना कॉम्प्युटर शिकवते. अशाच एका दुपारी आजी आल्या आणि कुणी बस म्हणायच्या आत बसल्या.

त्यांचा जन्म मण्यांच्या बाजारात गेला. जुना काचेचा मणी नुसता चाचपून ओळखायच्या. गिऱ्हाइकाने फार घासाघीस केली की म्हणायच्या, "गळा तुझा, लाजही तुझीच." नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा अजेई वाळवंट ओलांडून समुद्रापलीकडे गेला. आधी फोन यायचे, मग नंबर लागेना, मग कित्येक वर्षं काहीच नाही. बाजारात कुणी मुलाचा विषय काढला की आजी मण्यांचा भाव सांगायला लागत. या वयात शिकून काय करणार, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, या पेटीत सगळं जग सापडतं म्हणतात, बघू माझा पोरगा सापडतो का.

सुरुवातीला त्यांना पडदा म्हणजेच कॉम्प्युटर वाटायचा. मी टेबलाखालचा डबा दाखवला. म्हटलं, आजी, मांडीवर पसरलेले मणी म्हणजे मेमरी. काम तिथे चालतं, पण वीज गेली की सगळे विखुरले. तेच पेटीत घालून कुलूप लावलं की झाली हार्ड डिस्क. त्या पेटीत घालण्यालाच सेव्ह म्हणायचं. आजींनी ते एकदाच ऐकलं आणि जन्मभर पेटी सांभाळल्यासारखं दर ओळीला सेव्ह करायला लागल्या.

मग आलं नेटवर्क. आमच्या राजाशी कुणी थेट बोलत नाही. आपलं म्हणणं सोन्याच्या मुठीची काठी धरलेल्या प्रवक्त्याला सांगायचं, तो राजाला सांगणार, आणि उत्तरही त्याच्याच तोंडून यायचं. कोपऱ्यात दिवे लुकलुकणारा राउटर म्हणजे तो काठीवाला. दूर कुठेतरी बसलेला सर्व्हर म्हणजे राजा, त्याच्याकडे मागाल ते मिळतं. प्रत्येक यंत्राला आपापला पत्ता असतो, म्हणून तुमचं उत्तर शेजारणीच्या घरी जात नाही.

"आणि मी खोटं सांगितलं तर काठीवाला मला अडवतो?" आजींनी विचारलं.

"नाही. तो फक्त पोचवतो. खरं-खोटं बघणं त्याचं काम नव्हे."

"आणि पोचवलेलं परत मागवता येतं?"

मी सांगितलं, आपल्याकडचं पुसता येतं, पण ज्यांनी उतरवून घेतलं त्यांच्याकडे ते राहणारच. त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मला वाटलं, म्हातारीला शिकायची केवढी हौस. मी कौतुकाने शेंगदाण्यांची पुडी त्यांच्या हातावर ठेवली.

सरावाला मी सगळ्यांना मयताचा फलकच करायला देते, कारण त्यात कुणाचं नाव कुणाच्या वर येतं हे आमच्याकडे झोपेतसुद्धा सांगता येतं. इतर शिकाऊ मेलेल्या आजोबा-काकांचे फलक करत. आजींनी स्वतःचा केला. आणि आमच्या गावचे जे लोक परदेशात आहेत, त्यांच्या नेटवरच्या पानावर माझ्याच यंत्रावरून टाकून दिला.

त्यात एक गोष्ट अशी होती, की वाचणाऱ्याचे डोळेच पांढरे व्हावेत. पिकलं पान गळलं की आमच्याकडे मथळा असतो, 'देवाघरचं बोलावणं'. तरणंताठं माणूस अचानक गेलं तरच लिहितात, 'काय हा धक्का'. आजींनी स्वतःच्या सुरकुतलेल्या फोटोवर मोठ्या अक्षरात 'काय हा धक्का' लिहिलं होतं. मग काय विचारता. या वयात धक्का कसला, म्हणून कुणी हसलं, कुणी चिडलं, आणि ज्याने त्याने तो दुसऱ्याला पाठवला. साधा मथळा असता तर लोकांनी उसासा टाकून सोडून दिला असता.

मी घाईघाईने पानावरून फलक काढला, तोवर बादूकाका दारात उभे. काका आमच्या कुळाचे प्रमुख. कुळातली मयत आधी त्यांना कळवायची, मग ते राजाला कळवणार, त्याशिवाय कुणी रडायचंही नाही. सुतकाचं काळं वस्त्र खांद्यावर टाकूनच आले होते. आजींना बघितलं आणि मटकन बसले.

"फोरिवा," ते म्हणाले, "मला न विचारता मेलीस तू?"

"विचारलं असतं तर मरू दिलं असतंस?"

जिवंतपणी स्वतःचं मरण लिहिणं म्हणजे मरणाला घरचा पत्ता देणं, असं आम्ही मानतो. मलाही त्या बाईचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी म्हटलं, आजी, माझ्या दुकानाचं नाव आहे त्या फलकावर, हे काय करून बसलात?

"आजारी आहे म्हणून तिकडच्या गाववाल्यांकरवी त्याला निरोप धाडले, म्हातारी झाले म्हणून धाडले. एक उत्तर नाही. पण आईच्या मयताला गप्प बसलेला पोरगा आपल्यात कुणी बघितलाय? जिवंत असेल तर बोलेल. नसेल तर मलाही कळेल." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "आणि धक्का मला कशाला बसेल? त्याला बसायला हवा."

आजी पुन्हा केळं खायला लागल्या, पण घास तोंडात तसाच राहिला.

फलकाच्या तळाशी दुकानाचा नंबर असतोच. तो फोन वाजला. लांबलचक, परका नंबर. मी स्पीकर लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, रडून रडून बसलेला. अंत्यविधी कधी आहे, असं त्याने विचारलं. कोण बोलतंय, मी विचारलं.

"मुलगा. अजेई. मला येता यायचं नाही, माझ्याकडे कागदपत्रं नाहीत. बाई, एक काम करा. तिला दर्शनाला मांडून ठेवतील ना, तेव्हा कुणीतरी तिच्या कानात सांगा, की मी रिकाम्या हातांनी काय तोंड दाखवू म्हणून फोन केला नाही. एवढंच सांगा."

काकांनी आपली हातातली काठी घट्ट धरली होती. आजी उठल्या, हात वस्त्राला पुसले, माझ्या हातातून फोन घेतला आणि स्पीकरचं भान नसल्यामुळे कानाला घट्ट लावला.

"कानातच आहेस तू," त्या म्हणाल्या. "सांग."

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं. मग नुसता श्वास ऐकू येत राहिला, लहान मूल दचकून उठल्यावर घेतं तसा.

"आई?"

"नाही मेले मी. यायला जमत नसेल तर नको येऊस, बाळा," आजी म्हणाल्या. "पण फोन ठेवू नकोस."